बोटांखालची पट्टी

प्रणालीला भित्री म्हणायला घरात कुणालाच काही वाटत नसे. पालीला भिणारी, विजेला भिणारी, समोरून बैल आला तर रस्ता सोडून बांधावर चढणारी. चौलच्या वाडीतून लग्न होऊन ती पाणदऱ्याला आली, त्याच वर्षी न्हाणीत घोणस निघाली आणि नव्या सुनेने अशी किंकाळी फोडली की खालच्या आळीतली माणसं काठ्या घेऊन धावत आली. दिपेश, तिचा नवरा, ती गोष्ट अजून चवीने सांगे. तिला त्याचा राग येत नसे. खोटं काय होतं त्यात?

पाणदरे हे म्हसळ्याहून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं गाव. आता निम्मे पुरुष मुंबईला नाहीतर रोह्याच्या कारखान्यांत असतात, पण त्यांचे बाप-आजे फौजेत होते. घरटी एक तरी. काही पेन्शन घेऊन परत आले, काहींच्या नुसत्या तारा आल्या. या सगळ्यांसाठी गावात स्मारक करायचं, असं गेल्या गणपतीत ठरलं. बंद पडलेल्या भाताच्या गिरणीची इमारत मालकाने देऊन टाकली. तिच्यात संग्रहालय करायचं, पुढच्या मोकळ्या जागेत बाग, आणि बागेच्या मधोमध ध्वजस्तंभ. बाहेरचा कंत्राटदार न लावता गावानेच हात लावायचे, असंही ठरलं. शनिवार-रविवार आला की मुंबईकर गावी येत, चिरे वाहत, रोपांसाठी आळी खणत. गणराज एरवी घरबांधणीची कामं करायचा. इथे तो सगळ्यांना कामं वाटून द्यायचा आणि स्वतः सगळ्यात जास्त करायचा.

प्रणाली सुरुवातीला चहा करायला जाई. एके दिवशी कुणीतरी काळंठिक्कर पडलेलं एक पदक आणून दिलं, ते तिने चहा उकळेपर्यंत चिंचेने घासून लख्ख केलं. पदकावरची अक्षरं दिसायला लागल्यावर तो माणूस, बापाचं नाव वाचता वाचता, तिथेच खाली बसला. तेव्हापासून येईल ती वस्तू प्रणालीकडे येऊ लागली. पत्र्याचे मग, बिल्ले, पट्ट्यांची बक्कलं, दुर्बिणीचा एक फुटका डबा. गिरणीच्या आतल्या खोलीत तिला एक टेबल मिळालं. चिंध्या, ब्रश, डिझेलची बाटली, राख. ते काम तिला मनापासून आवडायचं. वस्तू चावत नाहीत, अंगावर येत नाहीत, असं ती दिपेशला म्हणायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी ठमाबाईची पेटी आली.

ठमाबाई ही रामचंद्र फौजीची बायको. रामचंद्र एकाहत्तरच्या लढाईत होता. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. म्हातारी एकटीच राहायची, पाठीत वाकलेली, पण अजून वालाच्या शेंगा स्वतः खुडायची. पेटी द्यायला ती आधी तयार नव्हती. शेवटी सुभेदार अनंता स्वतः तिच्या घरी जाऊन बसले. अनंता रामचंद्रच्याच पलटणीत, त्याच्या मागून भरती झालेले. त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण त्या सकाळी गणराजच्या टेम्पोतून पेटी आली आणि पेटीबरोबर ठमाबाईही आली.

"उघडताना मी हवी," ती प्रणालीला म्हणाली. "ह्यांनी मला कधी उघडू दिली न्हाय. म्हणायचे, त्यात तुझ्या कामाचं काय न्हाय. मी पण नाद सोडला. खाटेखाली होती, वर भाताची पोती ठेवायची."

कुलूप गंजून गेलं होतं, गणराजने ते पहारीने तोडलं आणि तो बाहेर ध्वजस्तंभाच्या खड्ड्याकडे गेला. खोलीत दोघीच उरल्या. पेटीतून आधी लोकरी कोट निघाला, कसरीने चाळण केलेला. मग जेवणाचा डबा, दाढीचं सामान, बुटांची एक जोडी. एकेक वस्तू निघाली की ठमाबाई ती हातात घेऊन बघायची, हुंगायची आणि मांडीवर ठेवायची. ती रडत नव्हती. परक्याच्या घरातलं सामान बघावं तशी बघत होती.

अगदी तळाशी एक पायमोजा होता, गाठ मारलेला. आत काहीतरी जड. प्रणालीने गाठ सोडली. मुठीत मावेल असा लोखंडाचा गोळा निघाला, अंगावर चौकोनी खाचा, सीताफळासारखा. बाजूने एक वाकडी पट्टी खाली आलेली. सगळ्यावर गंजाचे पापुद्रे.

"हे काय गो?" ठमाबाईने विचारलं.

"वजन असेल कसलं तरी. साफ केलं की कळेल."

तिने चिंधी डिझेलमध्ये बुडवली. गोळा डाव्या हातात घट्ट धरला, पट्टी बोटांखाली आली, आणि ती वरचा भाग घासू लागली. गंज सुटून टेबलावर पडत होता. कुंपणाच्या भिंतीपलीकडेच शाळा. शनिवारची सकाळची शाळा भरली होती आणि पहिलीची पोरं पाढे म्हणत होती. त्यात आपल्या लेकीचा, अमिषाचा आवाज कुठला, हे प्रणाली घासता घासता ओळखायचा प्रयत्न करत होती. वरच्या बाजूला तारेची एक कडी होती. तिच्याभोवती गंज जास्त होता म्हणून तिने जरा जोर लावला. कडी चिंधीबरोबर निघून आली आणि टेबलावर पडली.

मोडलं की काय, असं तिच्या मनात आलं आणि ती ओशाळली. पुढच्याच क्षणी तिच्या बोटांखाली काहीतरी हललं.

हललं म्हणजे, पट्टीने बोटांना बाहेरून रेटा दिला. अगदी थोडा. मुठीत धरलेल्या चिमणीने पंख उघडायचा प्रयत्न करावा तसा. प्रणालीने काही विचार न करता मूठ आणखी आवळली.

दारात कपबशीचा आवाज झाला. अनंता चहा घेऊन आत येत होते. त्यांना कंपवात होता. कप बशीवर नेहमी किणकिणायचा, त्यामुळे ते येत असल्याचं सगळ्यांना आधीच कळायचं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं, मग प्रणालीच्या मुठीकडे. किणकिण वाढली. त्यांनी वाकून कपबशी जमिनीवर ठेवली.

"प्रणाली," ते म्हणाले. "आहेस तिथंच राहा. हात हलवू नको."

"पाल आहे का?"

"पाल न्हाय. ती मूठ सोडू नको. धरलीस तशीच धर, पट्टी दाबून."

त्यांचा आवाज कधी नव्हे इतका हळू होता. सुभेदार एरवी बागेच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असं बोलायचे.

"काय आहे हे, काका?"

"हातगोळा हाय. त्याची पिन निघालीय. पट्टी दाबलेली हाय तोवर काही व्हायचं न्हाय. समजलं?"

तिला समजलं. पण समजलेलं तिच्या अंगात शिरायला वेळ लागला. आधी कान बंद झाल्यासारखे झाले, मग तोंडातलं पाणी आटलं. हात आपला नाही असं वाटू लागलं. मनगटाच्या पुढे दुसऱ्याच कुणाचा तरी पंजा आहे, तो केव्हा काय करील याचा नेम नाही.

"फेकून देऊ?" तिने विचारलं.

"न्हाय. कुठं फेकणार? भिंतीपलीकडं पोरं हायत. आणि जुना माल हाय. नव्याला पट्टी सुटल्यावर चार मोजेपर्यंत वेळ असतो. ह्याला असंल, नसंल."

"मग तुम्ही घ्या. तुम्ही धरा हे."

अनंतांनी आपले दोन्ही हात पुढे करून तिला दाखवले. ते थरथरत होते, नेहमीपेक्षा जास्त. "माझ्या हातांवर माझाच भरवसा न्हाय, पोरी. असता तर विचारलं नसतं, घेतलाच असता."

मग ते दाराकडे वळले आणि गणराजला हाक मारली. गणराज मातीचे हात झटकत आला. त्याला त्यांनी उंबऱ्यावरच थांबवलं आणि दोन-चार वाक्यांत सांगितलं. तो प्रणालीकडे बघत होता, पण तिच्या डोळ्यांत बघत नव्हता.

"आधी शाळा," अनंता म्हणाले. "बाईंना सांग, पोरांना देवळाकडं न्या, पळवायचं न्हाय, ओळीनं. मग बागेतली माणसं. मग म्हसळ्याला पोलिसांना फोन. ते अलिबागहून पथक बोलावतील. आणि कुणी ओरडायचं न्हाय."

गणराज गेला. बाहेर फावड्यांचे आवाज एकेक करून थांबले. थोड्या वेळाने पाढेही थांबले, मधेच, दोनच्या पाढ्यात. मग मुलांच्या पावलांचा आवाज सुरू झाला. शाळेतून देवळाकडे जायची वाट गिरणीच्या भिंतीला लागूनच होती. भिंतीच्या पलीकडून, हाताभरावरून म्हणावं तर, सगळी शाळा चालली होती. कुणीतरी हसलं. कुणीतरी विचारलं, "बाई, सुट्टी दिली का?" सुचिताबाई म्हणाल्या, "हो रे, चला, बोलू नका."

प्रणालीने डोळे मिटले होते. आत्ता जर बोट घसरलं, तर. हात डिझेलने माखलेला होता, वर घाम. प्रत्येक पाऊल तिला मोजावंसं वाटत होतं आणि मोजता येत नव्हतं. अमिषा ओळीत कुठे असेल? ती नेहमी मागे रेंगाळते, चपलेचा पट्टा लावत बसते. कितीदा ओरडले मी तिला त्यावरून. चल गं बाई, आज तरी लवकर चल. पट्टा राहू दे.

पावलं पुढे गेली. शेवटी एकटीच दोन पावलं धावत गेली आणि मग शांत झालं. ती अमिषाच असणार, असं प्रणालीला वाटलं, आणि तिला हुंदका आला. तो बाहेर पडू नये म्हणून तिने दातांत ओठ धरला, कारण हुंदक्याने हात हलला असता.

"वहिनी, तुम्ही जा आता," अनंता ठमाबाईला म्हणाले.

इतका वेळ ठमाबाई पेटीशेजारी बसून होती. मांडीवर कोट, कोटावर डबा. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"माझ्या घरातनं आलंय ते," ती म्हणाली. "मी कुठं जाऊ?"

"वहिनी, ऐका."

"खाटेखाली होतं. खाटेवर मी झोपायची, माझी पोरं झोपायची. मुंबईची नातवंडं आली की पेटीवरनं उड्या मारायची." ती हे कुणाला सांगत नव्हती, स्वतःशीच जुळवत होती. "आणि ही सासुरवाशीण, कालची पोर, हिनं धरून बसायचं आणि मी देवळात जाऊन बसायचं? मला न्हाय जमायचं."

टेबलावर प्रणालीचा फोन वाजू लागला. दिपेश. फोन थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकत होता आणि टेबल बारीक घुमत होतं. प्रणालीची कोपरं टेबलाला टेकलेली होती. ते घुमणं तिच्या हाडांतून मुठीपर्यंत जात होतं. अनंतांनी फोन उचलला, पण बंद करायचं बटण त्यांच्या बोटाला सापडेना. शेवटी त्यांनी तो कोटाच्या बाहीत गुंडाळला. तिथे तो वाजतच राहिला.

पोलिसांचा निरोप गणराजने खिडकीबाहेरून सांगितला. पथक अलिबागहून निघतंय. मुरूडकडून आलं काय, माणगावकडून आलं काय, यायला दुपार होईल. त्यांनी सांगितलंय की काही करू नका, हलवू नका.

"दुपार," प्रणाली म्हणाली. तिच्या डाव्या हाताची करंगळी आता जाणवत नव्हती. ती आहे की नाही हे बघायला तिला खाली बघावं लागत होतं. अंगठ्याच्या मुळापासून कळ निघून कोपरात जात होती. "काका, माझा हात बधीर झालाय. दुपारपर्यंत नाही राहणार. खरंच नाही राहणार."

अनंता तिच्या बोटांकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून मिशीत उतरत होता आणि ते पुसत नव्हते.

"व्हय," ते म्हणाले. "दिसतंय मला. बांधायला लागंल."

खोलीच्या कोपऱ्यात रोपं काठ्यांना बांधायच्या सुतळीचं भेंडोळं पडलं होतं. अनंतांनी ते उचललं आणि हातात धरून उभे राहिले. सुतळीचं टोक हवेत थरथरत होतं. त्यांनी एकदा गणराज उभा होता त्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत आता कोणी नव्हतं.

ठमाबाई उठली. मांडीवरचा डबा तिने खाली ठेवला, कोट बाजूला केला आणि सुतळी त्यांच्या हातातून घेतली.

"कशी बांधू ते सांगा," ती म्हणाली. "नजर ठीक हाय माझी. मोतीबिंदू काढलाय."

त्यानंतर जे झालं ते प्रणालीला पुढे सलग कधीच आठवलं नाही. आठवायचे ते तुकडे. म्हातारीच्या हातांचा वालाच्या पाल्याचा वास. सुतळीचं खरखरीत टोक मुठीखालून येतंय, बोटांवर चढतंय. अनंतांचा आवाज, एकसुरी, आता जराही न थरथरणारा.

"खालनं घ्या. पट्टीवरनं. आवळा. आता पोरी, करंगळी उचल."

"उचलली की नाही कळत नाही."

"मी उचलते तुझी," ठमाबाई म्हणाली आणि तिने आपल्या दोन बोटांत प्रणालीची करंगळी धरून बाजूला केली, जात्याची खुंटी काढावी इतक्या सहज. पट्टीने रेटा दिला. प्रणालीला तो उरलेल्या बोटांखाली जाणवला आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला, तिने कधीच न ऐकलेला, कुत्र्याच्या पिल्लासारखा. सुतळीचा फेरा त्या जागी बसला. आवळला गेला.

"थांबा," अनंता म्हणाले. सगळे थांबले. काही झालं नाही.

"आता दुसरं."

दुसऱ्या बोटाला वेळ लागला. सुतळी डिझेलने ओली होऊन सरकत होती. ठमाबाईने तो भाग सोडला, पदराने पुसला, पुन्हा फेरा घेतला. तिचं नाक प्रणालीच्या मनगटाला जवळजवळ टेकलं होतं. ती पुटपुटत होती. देवाचं नाव घेत असेल असं प्रणालीला वाटलं. नीट ऐकलं तेव्हा ती नवऱ्याला शिव्या देत होती. बारीक आवाजात, न थांबता, गावरान, ठसठशीत शिव्या.

मधलं बोट सुटलं. आता एकाच बोटाचा जोर आणि सुतळीचा. कोण कुणाला धरून आहे ते प्रणालीला कळेना.

"हे शेवटचं हळू," अनंता म्हणाले. ते आता तिच्या इतके जवळ उभे होते की त्यांचा श्वास तिच्या केसांना लागत होता. त्यांना इतकं जवळ यायची काही गरज नव्हती. सांगायचं ते दारातूनही सांगता आलं असतं. "सोडायचं न्हाय एकदम. जरा ढिलं कर आणि बघ, पट्टी मागं येती का."

तिने बोट जरासं ढिलं केलं. पट्टी सुतळीत किंचित फुगली. थांबली.

"आली का?"

"थांबलीय."

"सोड."

ते बोट सोडणं तिला जमेना. तिघंही तिच्या बोटाकडे बघत होते आणि बोट हलत नव्हतं. ते तिचं ऐकतच नव्हतं. ठमाबाईने ते आपल्या तळव्यात घेतलं आणि झोपलेल्या पोराच्या मुठीतून खाऊ काढावा तसं, हळूहळू उलगडलं.

गोळा आता प्रणालीच्या उघड्या हातावर होता, सुतळीने गुंडाळलेला. ठमाबाईने आणखी फेरे घेतले, कितीतरी, शेवटी लोखंड दिसेनासं झालं.

तो बाहेर न्यायचा होता. ध्वजस्तंभाचा खड्डा खणून तयार होता, कडेला वाळूची पोती. अनंता पुढे चालले, वाटेतले चिऱ्यांचे तुकडे पायाने बाजूला करत. त्यांच्या मागे प्रणाली, दोन्ही हातांची ओंजळ पोटाशी धरून, आणि तिच्या पदराला धरून ठमाबाई. बाग रिकामी होती. फावडी, घमेली जिथल्या तिथे पडलेली. कुणाची तरी चप्पल. ऊन लख्ख पडलेलं आणि कुठेच आवाज नाही. दर पावलाला प्रणालीला वाटे, आता. आता. खड्ड्याच्या काठाशी ती गुडघ्यांवर बसली, पोटावर पालथी झाली आणि तिने ओंजळ आत सोडून गोळा तळाच्या वाळूवर ठेवला. हात काढून घ्यायचा तो क्षण सगळ्यात वाईट होता. तोपर्यंत निदान कळत होतं की आपण धरून आहोत.

अनंता आणि गणराजने वरून पोती रचली. गणराज कुठूनसा परत आला होता. तो नुसता पोती वाहत होता, आणि त्याच्या गालांवर मातीचे ओघळ आले होते.

पथक आलं तेव्हा ऊन कललं होतं. जाडजूड पोशाख घातलेला एक जवान खड्ड्यात उतरला, बराच वेळ आत राहिला, वर आला आणि आपल्या साहेबाशी बोलला. साहेबाने अनंतांना बाजूला घेऊन सांगितलं ते प्रणालीने ऐकलं. गोळ्यातली स्फोटकं अजून आतच होती. हा मुद्दाम जपून ठेवलेला होता की रिकामा समजून आणलेला होता, हे आता कळणार नाही. लोकांचा असा समज असतो की जुनं झालं म्हणजे मेलं.

त्यांनी तो खाडीकडच्या पडीक खाजणात, खाऱ्या दलदलीत नेऊन, खड्डा करून उडवला. सगळं गाव देवळाच्या चौथऱ्यावर उभं होतं. आवाज फार मोठा नव्हता असं नंतर पुष्कळ जण म्हणाले. पण काळ्या चिखलाचा खांब माडाच्या उंचीइतका वर उठला, खारफुटीतले सगळे बगळे एकदम हवेत गेले, आणि प्रणाली चौथऱ्यावरच खाली बसली. अमिषा तिच्या गळ्यात पडायला आली, तेव्हा तिने डावा हात पाठीमागे नेला. मुलीला तो लागू नये असं तिला वाटत होतं.

दिपेश रोह्याच्या कारखान्यातून निघून, माणगावहून टेम्पो करून पोचला तो ओरडतच आला. "कुणी सांगितले होते तुला हे उद्योग? पाल दिसली की घर डोक्यावर घेतेस आणि," असं म्हणता म्हणता त्याचा आवाज फाटला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने तिचा तो डावा हात ओढून पुढे घेतला. बोटं मिटलेलीच होती. ती उघडायला त्याला बराच वेळ लागला.

ठमाबाई खांबाला टेकून बसली होती. बगळे पुन्हा खाली उतरेपर्यंत ती खाडीकडे बघत होती.

"कशाला आणला असंल त्यानं?" तिने अनंतांना विचारलं.

"ठाऊक न्हाय, वहिनी."

"तुम्ही होतात ना बरोबर."

"होतो. पण आणताना बघितला न्हाय मी." ते तिच्या शेजारी खाली बसले. "घरी आल्यावर पण माणसाला वाटत राहतं, काहीतरी जवळ असू दे. मी पहिलं वर्ष उशाशी कोयता घेऊन झोपायचो. आमची ही ओरडायची."

"मला सांगितलं असतं तर," ठमाबाई म्हणाली आणि पदर सावरून उठली.

स्मारकाचं काम थांबलं नाही. प्रजासत्ताक दिनाला झेंडा लागला, पण संग्रहालय बंदच ठेवलं. आलेली प्रत्येक वस्तू आधी जाणकाराने बघायची, मगच आत घ्यायची, असं ठरलं. प्रणाली गेली नाही. गणराज दोनदा बोलवायला आला, ती चूल सारवायचं, पोरीचा अभ्यास असं काहीबाही सांगून आत गेली. तिला आता वस्तूंची भीती वाटायला लागली होती. कुकरच्या शिट्टीची, गॅसच्या बटणाची, अमिषाच्या कंपासपेटीची. कुठलीही बंद वस्तू हातात आली की डाव्या हाताची बोटं आपोआप मिटायची. पालीची भीती मात्र कुठे गेली ते तिलाच कळलं नाही. भिंतीवर पाल असली तर ती नुसती बघत बसायची.

फेब्रुवारीत एका सकाळी ठमाबाई काठी टेकत दारात आली. पायरीवर बसली, पाणी प्यायली.

"एक काम हाय तुझ्याकडं," ती म्हणाली. "माळ्यावर त्याची आणखी गाठोडी हायत. सुभेदार म्हणतो, पथकाला परत बोलवू. ते येतील तेव्हा येतील. मला त्या घरात डोळा लागंना. चुलीपुढं बसले तरी मान वर जाती."

"मग मुंबईला जा ना मुलाकडे, आजी, तोवर."

"घर माझं हाय." ती काठीच्या टोकाने अंगणातली माती उकरत राहिली. "उघडायची न्हाय ग काही. नुसती बघू, काय काय हाय. हात नको लावू तू. पण मी एकटी माळ्यावर चढत न्हाय. मला भ्या वाटतं."

नाही म्हणायला प्रणालीने तोंड उघडलं. म्हातारी तिच्याकडे बघत नव्हती, तिच्या डाव्या हाताकडे बघत होती. तो पुन्हा मिटला होता.

ती आत गेली, गॅस बंद आहे ना ते दोनदा पाहिलं आणि चपला घातल्या.

अनंता ठमाबाईच्या पडवीत आधीच येऊन बसले होते. त्यांनी शिडी लावून ठेवली होती. "खाली मी हाय," ते म्हणाले. "काही वाटलं तर हात न लावता उतरा."

माळ्यावर कौलांतल्या काचेतून उजेड येत होता. धूळ, पेंढा, फुटकं जातं, एक पाळणा. पलीकडच्या कोपऱ्यात गाठोडी, खाकी कापडात बांधलेली. प्रणाली माळ्यावर चढून शिडीच्या तोंडाशीच थांबली. तिने डावा हात पोटाशी घेतला. मागून ठमाबाई चढली, धापा टाकत, आणि तिच्या शेजारी फळीवर बसली.

"तू पण भ्यालीस?"

"हो."

"बरं झालं," ठमाबाई म्हणाली आणि तिने प्रणालीचा मिटलेला हात आपल्या हातात घेतला. "हे बघ, ते पहिलं दिसतंय ते त्याचं पांघरूण हाय. मी ओळखते. त्याच्या पलीकडचं काय हाय, ते तू बघ."

प्रणाली पुढे वाकली आणि बघू लागली.